पांबनचा पूल : समुद्रातला हाताने उघडायचा दरवाजा

रूळवेडा

२०१७ साली आईला घेऊन रामेश्वरला गेलो होतो. मदुराईहून पॅसेंजर. मंडपम मागे पडलं आणि गाडी इतकी हळू झाली, की समोरच्या बाकावरच्या आजी म्हणाल्या, "उतरून ढकलायची आहे का आता?" मग खिडकीतून खाली बघितलं त्यांनी आणि एकदम गप्प झाल्या. खाली जमीन नव्हती. कठडा नव्हता. रुळाच्या बाजूला वीतभर लोखंड आणि त्याच्या पलीकडे थेट हिरवं पाणी.

तेव्हापासून हा पूल डोक्यात बसलाय. जमेल तसं वाचत गेलो, ते इथे मांडतो. जाणकारांनी भर घालावी.

मंडपम हे मुख्य भूमीवरचं टोक, पांबन हे रामेश्वर बेटावरचं. मधे साधारण दोन किलोमीटरचा उथळ, खडकाळ, वाऱ्याने सतत ढवळलेला समुद्र. इंग्रजांना हा पूल यात्रेकरूंसाठी नको होता, सिलोनसाठी हवा होता. चहाचे मळे तिकडे, मजूर इकडे. त्याआधी तुतिकोरीनहून बोटीने कोलंबो गाठावं लागे. पूल झाल्यावर मद्रासहून निघालेली बोट मेल थेट बेटाच्या शेपटीवर धनुष्कोडीला जायची, तिथे धक्क्यावर बोट उभी, पलीकडे तलाईमन्नार आणि तिथून पुन्हा रेल्वेने कोलंबो. तिकीट एकच.

काम १९११ च्या सुमारास जोरात सुरू झालं आणि २४ फेब्रुवारी १९१४ ला पूल खुला झाला. लांबी ६,७७६ फूट, म्हणजे २,०६५ मीटर. चाळीस-चाळीस फुटांचे १४५ गाळे (गाळा म्हणजे दोन खांबांमधला पुलाचा तुकडा), आणि बोटी जाण्यासाठी एक उघडणारा गाळा.

हा उघडणारा गाळा का लागला, ते आधी बघू. समुद्रातून शिडाची जहाजं जातात. त्यांच्यासाठी पूल उंच बांधायचा तर समजा वीस मीटर चढायचं. रस्ता वीस मीटर पटकन चढतो. रेल्वेला शंभराला एक असा चढ दिला, तरी वीस मीटरसाठी दोन किलोमीटर लागतात. म्हणजे मधल्या उंचीवर पोचण्यासाठी अलीकडे दोन आणि पलीकडे दोन किलोमीटर नुसता चढ-उतार. तेव्हा पूल ठेवला खाली, आणि जहाज आलं की मधला तुकडा बाजूला करायचा, असं ठरलं. पुढे १९८८ मध्ये शेजारी रस्त्याचा पूल झाला, तो बिनदिक्कत कमान करून वर गेलाय. त्यामुळे आज बसमधले लोक वरून खाली रेल्वे बघतात.

हा मधला गाळा म्हणजे शेर्झर पद्धतीचा. विल्यम शेर्झर हा शिकागोचा इंजिनियर. कल्पना त्याची, पण तो १८९३ मध्येच गेला आणि धंदा भावाने पुढे नेला. दोन पाकळ्या, दोन्ही बाजूंनी येऊन मधे मिळणाऱ्या. प्रत्येकीचं वजन ४०० टनांच्या वर. आणि इथे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं: ही पाकळी माणसं हाताने उघडायची. वीज नाही, वाफेचं इंजिन नाही. दांडे धरून गोल फिरणारी काही माणसं आणि दातेरी चाकं.

---

तिरकसशेट

वाचतोय, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. पण एक शंका. ४०० टन हाताने? आमच्या सोसायटीचं लोखंडी गेट उघडायला वॉचमनला दोन वेळा देवाचं नाव घ्यावं लागतं.

---

पाटीपेन्सिल

तिरकसशेट, तुमच्या गेटची बिजागरी गंजलेली आहे, इथे बिजागरीच नाही. खरी गंमत तीच आहे.

कोकणातल्या विहिरीवरची लाट बघितली आहे का? (समुद्राची नव्हे, पाणी शिंपायची.) आडव्या लांब वाशाच्या एका टोकाला भांडं आणि दुसऱ्या टोकाला दगड. भांडं भरलेलं असलं तरी म्हातारा माणूसही ते वर काढतो, कारण दगड त्याच्या वतीने खाली येत असतो. उचलायचं वजन आणि उतरणारं वजन सारखं, माणसाने फक्त जरासा रेटा द्यायचा.

साध्या उघडणाऱ्या पुलात हेच असतं, फक्त मधे एक जाड आस असतो आणि त्या आसावर सगळा भार येतो. शेर्झरने आस काढून टाकला. पाकळीचं मागचं टोक त्याने गोल केलं, आरामखुर्चीच्या खालच्या वक्र पट्ट्यांसारखं. खुर्ची मागे रेलली की पट्ट्या जमिनीवर घरंगळतात. तसंच, पाकळी वर उठताना मागेही सरकते. घसरू नये म्हणून खालच्या पट्ट्याला दाते आणि गोल भागाला खाचा असतात.

आता महत्त्वाचं. मागे लावलेलं वजन असं बेतलेलं असतं, की सगळ्या पाकळीचा गुरुत्वमध्य बरोबर त्या गोलाच्या केंद्रात यावा. चाक सपाट जमिनीवर घरंगळताना त्याचं केंद्र वर जातं का? नाही, आडवं सरकतं. म्हणजे पाकळीचं टोक आकाशात गेलं तरी एकूण वजन एक इंचही वर उचललं गेलेलं नाही! माणसांना झगडायचं ते घर्षणाशी आणि वाऱ्याशी. दातेरी चाकांनी घर्षण हाताच्या आवाक्यात आणता येतं.

वारा मात्र हाताच्या आवाक्यात येत नाही. उभी पाकळी म्हणजे चक्क शीड. त्यामुळे वादळी वाऱ्यात हा पूल उघडायचा नसतो.

आणखी एक फायदा: पाकळी मागे सरकत असल्यामुळे बोटीला मोकळी वाट जास्त मिळते. तोटाही आहे. सगळा भार त्या गोल कडेच्या एका रेषेवर टेकलेला असतो आणि ती रेषा सतत जागा बदलते. जगभरच्या शेर्झर पुलांना याच पट्ट्यांमध्ये तडे जाण्याचं दुखणं आहे.

---

तिरकसशेट

आता कळलं. गेटला दगड बांधायची सूचना पुढच्या मीटिंगमध्ये मांडतो.

---

घाटावरची

सुंदर धागा! माझी आजी सांगायची, की त्यांच्या गावचे लोक काशीला जाऊन आले, गंगेची कावड रामेश्वरला घालायची म्हणून निघाले, आणि पुढच्याच वर्षी बातमी आली की पांबनच्या पुलावरून सबंध गाडी समुद्रात पडली. ते लोक मग जन्मभर म्हणायचे, "रामेश्वराने आम्हाला वर्षभर आधी बोलावून घेतलं." हे १९६४ च्या वादळाचंच ना?

---

रूळवेडा

हो, चौसष्टचंच. पण गाडी पुलावरून पडली नाही. हा गैरसमज तमिळनाडूबाहेर जवळजवळ सगळीकडे आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

२२ डिसेंबर १९६४ ची रात्र. पांबन-धनुष्कोडी पॅसेंजर, क्रमांक ६५३, मध्यरात्रीला पाच मिनिटं कमी असताना पांबनहून सुटली. म्हणजे पूल तिच्या मागे, ती बेटावरच, शेपटीच्या दिशेने निघालेली. वादळ आधीच अंगावर आलं होतं. धनुष्कोडी अगदी हाकेच्या अंतरावर असताना सिग्नल दिसेना. चालकाने वाट बघितली आणि शेवटी शिट्टी देत गाडी पुढे काढली. तेवढ्यात समुद्राने सगळी गाडी गिळली. सरकारी आकडा ११५ जणांचा, त्यात पाच रेल्वेचे कर्मचारी. बिनतिकीट चढलेल्यांची मोजदाद कुणाकडे असणार? धनुष्कोडी गावही त्याच रात्री संपलं. स्टेशन, चर्च, धक्का, सगळं. आजही तिथे भिंती उभ्या आहेत, छप्पर नाही.

पुलाचं काय झालं, तर १४५ पैकी १२६ गर्डर (खांबांवर आडव्या टाकलेल्या लोखंडी तुळया) वाहून गेले. खांब बहुतेक जागच्या जागी. आणि शेर्झरच्या पाकळ्या तशाच उभ्या!

पाटीपेन्सिल, हे का झालं असावं?

---

पाटीपेन्सिल

अंदाज देतो. चाळीस फुटी गाळे प्लेट गर्डरचे, म्हणजे बाजूने सपाट पोलादी भिंत. लाट आली की भिंतीवर सपकन बसते. शिवाय गर्डर खांबावर नुसते बेअरिंगवर, म्हणजे खांबाच्या माथ्यावरच्या टेकणीवर, ठेवलेले असतात. वरून येणारा गाडीचा भार पेलायचा, एवढाच त्यांचा करार. खालून उचलणाऱ्या आणि आडवं ढकलणाऱ्या पाण्याचा विचार १९११ मध्ये त्या तपशिलाने झालेला नसणार. पाण्यात बुडालं की लोखंडाचं वजनही कमी भरतं.

शेर्झरचा गाळा जाळीचा, पाणी आरपार जातं. वजन प्रचंड, त्याखालचे खांबही जाडजूड.

---

चाकरमानी_७२

आता माझी पाळी, कारण पुढचा भाग आम्हा कोकणवाल्यांच्या घरचा आहे.

पूल दुरुस्त करायला रेल्वेने सहा महिन्यांची मुदत दिली. दक्षिण रेल्वेचे महाव्यवस्थापक बी. सी. गांगुली यांनी ती निम्मी केली, तीन महिने. आणि काम दिलं एका बत्तिशीतल्या इंजिनियरला: ई. श्रीधरन. हेच ते, पुढे आपली कोकण रेल्वे केली ते.

अडचण साधी होती, गर्डर नव्हते. १२६ गर्डर नवे करायचे तर महिनोन् महिने जाणार. देशभरातून शिल्लक गर्डर गोळा करून आणायचे, तर तेही सोपं नाही. मग एका कोळ्याने येऊन सांगितलं, की इथून काही अंतरावर पाण्याखाली तुमचे गर्डर पडलेत. हे ऐकून श्रीधरननी बेत बदलला. समुद्रातून तेच गर्डर वर काढायचे, तपासायचे, पुन्हा खांबांवर चढवायचे. सुरुवातीला एक गर्डर बसवायला फार वेळ जायचा. उचलण्याची युक्ती हाताला बसली तसा वेग वाढत गेला, आणि ४६ दिवसांत गाडी पुलावरून गेली. बक्षीस म्हणून १,००० रुपये मिळाले.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते त्या कोळ्याचं. नाव कुठे सापडत नाही त्याचं. पण काम तीन महिन्यांवरून दीड महिन्यावर आलं ते त्याने दाखवलेल्या जागेमुळे.

अवांतर: रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल, ६४ मीटर उंच, हाही श्रीधरन यांच्याच कारकिर्दीतला. तिथे वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र बसवलेलं आहे. पांबनलाही तेच आहे. ताशी ५८ किलोमीटरच्या वर वारा गेला की सिग्नल आपोआप लाल होतो. पांबनचा धडा कोकणात कामाला आला, असं मी तरी मानतो.

---

जुनीशिट्टी

नमस्कार. मी रेल्वेच्या ब्रिज खात्यात आयुष्य काढलं. पांबनला नोकरी केलेली नाही, पण खाडीवरच्या पुलांवर केली आहे, तेव्हा गंजाबद्दल दोन शब्द लिहितो.

पांबनची हवा जगातली दुसऱ्या क्रमांकाची गंज चढवणारी, पहिली मायामी, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. क्रमांक कुणी लावला माहीत नाही, पण अशा हवेत लोखंडाचं काय होतं ते मी हाताने खरवडलंय. आधी रिव्हेटच्या डोक्याभोवती तांबूस कडं दिसतं. मग दोन पत्र्यांच्या मधे पाणी शिरतं, तिथे गंज फुगतो आणि पत्रे एकमेकांपासून उचलले जातात. वरून रंग अगदी छान! हातोडी मारली की आवाजावरून कळतं. भरीव लोखंड टण्ण वाजतं, पोखरलेलं बद्द. नव्या पोरांना आम्ही आधी कानच शिकवायचो.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे गर्डर जिथे बेअरिंगवर बसतो तो कोपरा. तिथे पक्ष्यांची घाण, रेती, खारट ओल, सगळं साचतं. ब्रश पोचत नाही. वरिष्ठ येतात तेव्हा मात्र फक्त बाहेरचा रंग बघतात. एका पुलावर आमच्याकडून तपासणीच्या आदल्या दिवशी दर्शनी बाजूच रंगवून घेतली होती. कुठला पूल ते विचारू नका.

पांबनला गाड्या ताशी १०-१५ च्या वेगाने जायच्या, ते कायमचं कॉशन, म्हणजे वेगावरची मर्यादा. लोकांना वाटतं वाऱ्याच्या भीतीने. वारा आहेच, पण मीटरगेजसाठी (अरुंद रुळांसाठी), १९१४ च्या हलक्या इंजिनांसाठी बांधलेला पूल हेही कारण आहे. २००७ मध्ये त्याच पुलावर ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रूळ आले. खांब तेच ठेवून गर्डर मजबूत करणं हे चेष्टेचं काम नव्हतं. आणि शेर्झरमध्ये तर किलो किलोचा हिशोब. पुढच्या बाजूला वजन वाढवलं की मागेही वाढवायला हवं, नाहीतर पाटीपेन्सिल म्हणाले तो तोल गेलाच.

---

रूळवेडा

जुनीशिट्टी काका, दंडवत. असलं काही पुस्तकात मिळत नाही.

२०१३ च्या जानेवारीत एक मोठी बार्ज (सपाट तळाची बोट) भरकटून पुलावर आदळली होती, तेव्हाही दुरुस्ती करून पूल सुरू केला. २०१८ च्या डिसेंबरात उघडणाऱ्या गाळ्यातच दोष सापडला आणि गाड्या काही महिने मंडपमलाच थांबल्या. आयआयटी मद्रासच्या लोकांनी पुलावर सेन्सरही लावले होते. शेवटी २०२२ च्या डिसेंबरात गाडी बंद झाली ती जुन्या पुलावर परत आलीच नाही.

---

ठाणेकर

एक तक्रार. "भारतातला पहिला समुद्रावरचा रेल्वे पूल" असं पांबनबद्दल सगळीकडे छापतात. १८५४ मध्ये ठाण्याहून कल्याणकडे रेल्वे गेली, ती काय होडीतून गेली का? ठाण्याच्या खाडीवर पूल होताच की. भरती-ओहोटी त्या पाण्यालाही येते.

---

चाकरमानी_७२

ठाणेकर आले! खाडी म्हणजे खाडी हो. दोन्ही काठांवरून एकमेकांना शिव्या ऐकू जातात त्याला समुद्र म्हणत नाहीत.

---

ठाणेकर

आवाज कुणाचा आहे त्यावर ते अवलंबून. तरी मान्य. उघड्या समुद्रावरचा पहिला, असं लिहा म्हणजे भांडण मिटलं.

---

घाटावरची

नवीन पुलाबद्दल कुणी लिहील का? मी पुढच्या महिन्यात सासूबाईंना घेऊन जातेय. तिथेही पाकळ्या उघडतात का?

---

पाटीपेन्सिल

नाही, नव्या पुलात पाकळ्या नाहीत. ६ एप्रिल २०२५ ला, रामनवमीच्या दिवशी, त्याचं उद्घाटन झालं. रेल विकास निगमने बांधलाय. लांबी २.०८ किलोमीटर, १८.३ मीटरचे ९९ गाळे आणि मधे ७२.५ मीटरचा एक. हा मधला गाळा आडवाच्या आडवा, जसा आहे तसा, १७ मीटर वर उचलला जातो. भारतात अशा तऱ्हेचा पहिला.

तत्त्व पुन्हा तोलाचंच. तुमच्या इमारतीतल्या लिफ्टच्या मागे भिंतीलगत एक वजन वर-खाली होतं ना? लिफ्ट वर गेली की ते खाली येतं. इथे दोन टोकांना दोन मनोरे आहेत, त्यांवर मोठाल्या चाकांवरून पोलादी दोर गेलेत, एका बाजूला गाळा आणि दुसऱ्या बाजूला तेवढंच वजन. त्यामुळे मोटारींना फार ताकद लागत नाही, आणि पाच-सहा मिनिटांत गाळा वर जातो.

शेर्झर का नाही घेतला? माझ्या मते मुख्य कारण मधला सांधा. दोन पाकळ्या मधे मिळतात तिथे जड गाडी आली की दोन्ही टोकं वेगवेगळी लवतात आणि रुळाला ठेच बसते. मीटरगेजच्या हलक्या गाडीला ते चालून जायचं. वर-खाली होणारा गाळा मात्र खाली बसला की साधा गाळा होतो, दोन्ही टोकांना टेकलेला, मधे सांधा नाही. पाया दुहेरी मार्गाच्या हिशेबाने केलाय. जुन्यापेक्षा पूल तीन मीटर उंचही आहे, चौसष्ट आठवत असेल तर त्याचं कारण सांगायला नको.

काँक्रीटमध्ये स्टेनलेस स्टीलच्या सळ्या, गर्डरला गंज रोखणारा पॉलिसिलॉक्सेन रंग, सांधे वेल्ड केलेले. जुनीशिट्टी काकांनी लिहिलेले रिव्हेटच्या फटीतले प्रकार त्यामुळे कमी होतील.

---

जुनीशिट्टी

कमी होतील, बंद नाही होणार. वेल्डच्या बाजूची जागाही बघावी लागते. आणि २०२४ मध्ये रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी याच नव्या पुलाच्या नियोजनावर ताशेरे ओढले होते, डिझाइन तपासण्यात आरडीएसओला, म्हणजे रेल्वेच्याच संशोधन आणि डिझाइन संस्थेला, बाजूला ठेवल्याबद्दल. गंजाचाही उल्लेख होता त्यात. मग ताशी ७५ ला परवानगी दिली, उचलणाऱ्या गाळ्यावर ५०. रंग कितीही भारी असू दे, हातोडी घेऊन फिरणारा माणूस लागतोच. तो माणूस आता खात्यात भरतात का, हे कुणी विचारत नाही.

---

तिरकसशेट

जुन्या पुलाचं काय करणार? माझ्या मते गर्डर भंगारात गेले तरी चालतील, चाळीस फुटी प्लेट गर्डर देशात ढिगाने आहेत. पण त्या दोन पाकळ्या किनाऱ्यावर आणून ठेवा, दांड्यांसकट. आणि लोकांना फिरवू द्या. ४०० टन हलताना बघितल्याशिवाय पोरांना गुरुत्वमध्य म्हणजे काय ते कळणार नाही. मला पन्नाशीत या धाग्यावर कळलं.

---

रूळवेडा

+१. किमान एक पाकळी तरी.

---

घाटावरची

सगळ्यांचे आभार. शेवटचा, अगदी बायकी म्हणा हवं तर, प्रश्न: खिडकी कुठल्या बाजूची घ्यावी?

---

रूळवेडा

रामेश्वरला जाताना डावीकडची घेतलीत तर उत्तरेचा समुद्र, पाल्कची सामुद्रधुनी. उजवीकडे मन्नारचं आखात आणि रस्त्याचा पूल. आईला मी डावीकडे बसवलं होतं.

---

चाकरमानी_७२

आणि गाडी दिवसाची बघा. रात्रीच्या गाडीने गेलात तर सासूबाई पांबन येईस्तोवर झोपलेल्या असतील आणि नंतर वर्षभर तुम्हाला ऐकवतील.